मे महिन्यातली विहीर, शेवटचं घर आणि मधली नळी : गावाची पाणी योजना आकड्यांत

नळपाणी योजनेचं अंदाजपत्रक चांगलं जाडजूड असतं. दरसूचीतल्या बाबी, उपबाबी, नकाशे, दाखले. पण योजना चालणार की नाही हे त्यातले सात-आठ आकडेच ठरवतात, आणि ते आकडे गावातल्या दहावी झालेल्या कुणालाही तपासता येतात. ते कुठून येतात आणि कुठे चुकतात हे बघायला एक नमुन्याचं गाव घेऊ : ३०० घरं, १,५०० वस्ती, गावाखाली ओढ्याकाठी विहीर, वरच्या अंगाला टेकाड.

१५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, असं माप धरलं. त्याआधी बराच काळ ४० लिटरवर हिशोब चालत होता. योजना आजच्या वस्तीसाठी करत नाहीत, तीस वर्षांनंतरच्या वस्तीसाठी करतात. आपल्या गावाची वस्ती तोवर २,१०० होईल असं धरू. २,१०० गुणिले ५५ म्हणजे १,१५,५०० लिटर. गळती आणि नासाडीपोटी १५ टक्के वाढवले की दिवसाची मागणी साधारण १,३३,००० लिटर, म्हणजे १३३ घनमीटर. पंपाला तीन फेजची वीज दिवसाला ८ तास मिळणार असेल तर तासाला १६.६ घनमीटर, सेकंदाला ४.६ लिटर पाणी उचलावं लागेल. हा ४.६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे. या मागणीत जनावरांचं पाणी नाही. गोठे मोठे असलेल्या गावाने ते वेगळं मांडून घ्यावं, नाहीतर म्हशी नळाचंच पाणी पितात आणि कागदावरचे ५५ लिटर ३५ वर येतात.

विहिरीला विचारायचा प्रश्न

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर बसलेला आहे. या दगडात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. खालचा अखंड पाषाण कोरडाच. म्हणून बोअर दोनशे फुटांऐवजी चारशे फूट नेली की दुप्पट पाणी लागतं, हा समज खर्चिक आहे. त्या थराखाली भेग लागली तर नशीब, एरवी नुसती धूळ.

विहिरीची क्षमता तिच्यात दिसणाऱ्या पाण्यावरून कळत नाही. उपसल्यावर पाणी किती वेगाने परत चढतं, त्यावरून कळते. उपसा चाचणी ती हीच. विहीर ८ मीटर व्यासाची असेल तर तिचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, म्हणजे पाणी १ मीटर चढलं की ५० घनमीटर आलं. पंप लावून पातळी खाली आणायची, पंप बंद करायचा आणि कठड्यावरून टेप सोडून दर अर्ध्या तासाने पाणी मोजायचं. समजा सकाळी ६ वाजता पाणी कठड्यापासून ११.२० मीटरवर होतं आणि १० वाजता १०.७२ वर आलं. चार तासांत ०.४८ मीटर, म्हणजे २४ घनमीटर, म्हणजे तासाला ६. दिवसाचे १४४ घनमीटर. गरज १३३ ची, तेव्हा गणित सुटलं असं वाटतं.

सुटलेलं नाही. पाणी जसजसं वर येतं तसतसा झऱ्याचा जोर कमी होतो, त्यामुळे पहिल्या चार तासांचा वेग चोवीस तासांना लावणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. हीच चाचणी नोव्हेंबरात केली तर आकडा दुप्पट-तिप्पट भरतो. उद्भवाचा, म्हणजे पाणी जिथून घ्यायचं त्या जागेचा, दाखला नोव्हेंबरातला आणि टँकरची मागणी एप्रिलमधली, अशी फाईल ज्याने बघितली आहे त्याला पुढचं सांगायला नको. चाचणी एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात घ्यावी, आजूबाजूच्या बागायती विहिरींचे पंप चालू असताना घ्यावी आणि येवा, म्हणजे विहिरीत येणारं पाणी, गरजेला जेमतेम पुरत असेल तर दुसरा उद्भव शोधावा. भूजलशास्त्रज्ञाची जागा बघण्याची भेट खरी याच दिवसांत उपयोगी.

शेजारच्या विहिरींचा मुद्दा कायद्यातही आहे. १९९३ च्या राज्याच्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. गावात ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही, कारण ज्याची बोअर अडवायची तो भावकीतलाच असतो.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा तो विहिरीवर खर्च करण्याआधी. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर निघालं तर पाणी भरपूर असूनही उद्भव बाद. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना फ्लोराइडचा अनुभव आहे. नायट्रेट बहुतेक वेळा खतांतून आणि गोठ्यांतून उतरतं, आणि पाणी उकळून ते जात नाही.

उंची मोजायची म्हणजे काय

सगळ्यात कमी पैशाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हे. मोबाईलमधल्या जीपीएसवर उंची बघून आराखडा बसवू नये. एक तर ती जागच्या जागी पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते. शिवाय काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात आणि काही पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. आपल्या भागात या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. एक आकडा एका ॲपमधला आणि दुसरा दुसऱ्यातला घेतला, तर टाकी विहिरीच्या तळाशीही जाऊन बसेल. पन्नास हजारी (१ : ५०,०००) नकाशावरच्या समोच्च, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषाही २० मीटरच्या अंतराने असतात. त्यातून गावाचा उतार कळतो, वरच्या आळीला पाणी चढेल का ते कळत नाही.

त्यासाठी ऑटो लेव्हल (तिकाटण्यावरची, आडवी सरळ नजर देणारी दुर्बीण), ४ मीटरची स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) आणि दोन माणसं लागतात. ग्रामपंचायतीच्या जोत्यावर एक पक्की खूण करायची आणि तिची उंची १००.००० मीटर मानायची. यंत्र विहिरीच्या वाटेवर मांडलं, स्टाफ खुणेवर उभी केली, वाचन आलं ०.८६५. ही बॅकसाइट. म्हणजे यंत्राच्या नजरेची पातळी १००.८६५. मग स्टाफवाला उताराने खाली जातो, एका घट्ट दगडावर स्टाफ धरतो, वाचन ३.४२०. ही फोरसाइट. दगडाची उंची १००.८६५ वजा ३.४२०, म्हणजे ९७.४४५. आता यंत्र उचलून पुढे न्यायचं, पण स्टाफ त्याच दगडावर ठेवायची, आणि पुन्हा तेच. विहिरीचा कठडा ८६.४०० वर असेल तर चार-पाच ठाणी होतात. टाकीचं टेकाड ११८.००० वर असेल तर चढताना सहा-सात.

काम संपल्यावर यंत्र घेऊन पहिल्या खुणेवर परत यायचं. साध्या कामाला चालणारी चूक, मिलिमीटरमध्ये, २४ गुणिले किलोमीटरच्या अंतराचं वर्गमूळ. २.८ किलोमीटरचा फेरा असेल तर ४० मिलिमीटर. परतल्यावर १००.०२५ आलं तर उत्तम, १००.९८ आलं तर कुठेतरी स्टाफवरचा आख्खा मीटर चुकीचा वाचला आहे. हा परतीचा फेरा वहीत नसेल तर वहीवर विश्वास ठेवू नये. आणि ज्या वहीत परतीची चूक बरोबर ०.००० आहे, ती बहुधा चहाच्या टपरीवर भरलेली असते.

उंच्या फक्त विहिरीच्या आणि टाकीच्या घेऊन भागत नाही. नळीच्या वाटेवर दर ३० मीटरला, शिवाय प्रत्येक चढाच्या माथ्यावर आणि ओढ्याच्या तळाला घ्याव्या लागतात, आणि गावातल्या सगळ्यात उंच व सगळ्यात खोलगट घराच्या उंबऱ्याची उंची तर हवीच. आपल्या गावात उंच उंबरा ११२ वर, खोलगट उंबरा ९४ वर आहे असं धरू.

नळी बारीक घेतली तर

विहिरीतलं सगळ्यात खालचं पाणी कठड्यापासून ११.४ मीटर खाली, म्हणजे ७५.० वर. टेकाडावर ६ मीटरच्या खांबांवर टाकी, तिच्यात ३ मीटर पाणी, म्हणजे पाणी पडायचं ११८ अधिक ६ अधिक ३, १२७.० वर. पंपाने नुसती उंची चढवायची ती ५२ मीटर. त्यात नळीतल्या घर्षणाची भर पडते (घर्षण आणि दाब दोन्ही पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्येच मोजतात) आणि तिथे नळीचा व्यास बोलतो. विहीर ते टाकी १,४०० मीटर, एचडीपीई (काळ्या प्लास्टिकची) नळी, सेकंदाला ४.६ लिटर :

७५ मिलिमीटरच्या नळीचा आतला व्यास सुमारे ६६ असतो, घर्षण ३९ मीटर. ९० च्या नळीत आत ७९ मिळतात, घर्षण १६ मीटर. ११० च्या नळीत आत ९७, घर्षण ६ मीटर.

वळणं, झडपा वगैरेंना ३ मीटर धरले तर पंपाला एकूण ९४, ७१ किंवा ६१ मीटर उचल करावी लागते. पंप आणि मोटर मिळून ५० टक्के कार्यक्षमता धरली, तर वीज अनुक्रमे ८.५, ६.४ आणि ५.५ किलोवॅट. ९० ऐवजी ११० टाकली की रोज ८ तासांच्या हिशोबाने वर्षाला २,६०० युनिट वाचतात; ६ रुपये युनिट धरलं तर साडेपंधरा हजार रुपये, दरवर्षी. नळीचा जादा पैसा एकदाच आणि तोही योजनेतून जातो, विजेचं बिल मात्र ग्रामपंचायतीच्या माथी. ठेकेदाराने ‘९० च्या जागी ७५ टाकू, तेवढाच खर्च वाचेल’ म्हटलं तर त्याचा खर्च वाचतो, हे तेव्हाच बोलून घ्यावं. शिवाय ७५ च्या नळीवर विहिरीपाशी चौरस सेंटिमीटरला ८ किलोचा दाब येतो. नळी १० किलोची असली तरी वीज अचानक गेल्यावर पाण्याचा जो धक्का उलटा बसतो त्याला जागाच उरत नाही, आणि सांधे उसवायला लागतात.

वाटेत प्रत्येक माथ्यावर हवेची झडप आणि प्रत्येक खोलगट जागी धुण्याची झडप लागते. माथ्यावर अडकलेली हवा नळीचा गळा आवळते. पंप चालू, मीटर फिरतोय आणि टाकीत पाण्याची बारीक धार, ही तक्रार पुष्कळदा एका न बसवलेल्या हवेच्या झडपेची असते. उंच्या दर ३० मीटरला घ्यायच्या त्या माथे सापडावेत म्हणून.

चराबद्दल थोडकं. नळीच्या डोक्यावर मीटरभर माती हवी, तळाला दगड नको, बारीक मुरूम किंवा वाळूचा हातभर नाही तरी चार बोटं थर हवा. खडक लागला की चर उथळ होतो. मग त्या वीस-तीस मीटरवर ट्रॅक्टरचं चाक किंवा नांगर नळी फोडतो. अंदाजपत्रकात माती, मुरूम आणि खडक यांचं प्रमाण अंदाजाने लिहिलेलं असेल तर बिलाच्या वेळी भांडण ठरलेलं. दर दोन-तीनशे मीटरला चाचणी खड्डा घेतला असता तर ते टळलं असतं. आणि चर बुजवण्याआधी नळीत पाणी भरून दाब देऊन बघायचं, बुजवल्यावर नाही.

टाकीतून नळापर्यंत

टाकी दिवसाच्या मागणीच्या निम्मी, म्हणजे ७०,००० लिटरची. साडेपाच मीटर व्यास, ३ मीटर पाणी. पाण्याचंच वजन ७० टन होतं, म्हणून काळ्या मातीत पाया थांबवता येत नाही. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं. गावाच्या वर १२४ पातळीची टेकडी मिळत असेल तर खांब करूच नयेत, तिथे जमिनीवरची बैठी टाकी बांधावी. स्वस्त पडते, दुरुस्ती सोपी. पण एसटी स्टँडवरून दिसेल अशी उंच टाकी हवी, हा आग्रह बैठकीत हमखास होतो. जागा खासगी असेल तर नुसती तोंडी संमती घेऊन कामाला लागू नये. बक्षीसपत्र आणि सातबाऱ्यावर नोंद आधी. मालकाचा मुलगा पुढे वेगळा विचार करतो, आणि तोवर टाकी बांधून झालेली असते.

टाकीचा तळ १२४ वर, उंच उंबरा ११२ वर. हातात १२ मीटर. एकमजली घराच्या नळाला किमान ७ मीटर दाब असावा असा संकेत आहे, म्हणजे गावातल्या नळ्यांच्या घर्षणासाठी ५ मीटर उरतात. आराखडा करताना दिवसाच्या सरासरी प्रवाहाच्या तिप्पट प्रवाह धरतात. १३३ घनमीटर भागिले २४ तास, गुणिले ३, म्हणजे सेकंदाला ४.६ लिटर. त्यावर नळ्यांचे व्यास बसवले, घर्षण ४ मीटर आलं, वरच्या आळीला ८ मीटर उरले. कागद बरोबर आहे.

गावात मात्र पाणी चोवीस तास सोडत नाहीत. सकाळी दोन तास सोडतात. १३३ घनमीटर दोन तासांत म्हणजे सेकंदाला १८.५ लिटर, चौपट. आणि घर्षण प्रवाहाच्या पटीत वाढत नाही, जवळपास त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतं : चौपट प्रवाहाला तेरा पट. ४ मीटरचे ५२ मीटर होतात, हातात १२. तेवढं पाणी त्या नळीतून जाणं शक्यच नाही. मग जे जातं ते खालच्या आळीत, ९४ पातळीच्या उंबऱ्याशी, जिथे ३० मीटरचा उतार आहे. तिथे बादल्या वाहतात आणि वरच्या आळीत तोटी सूं-सूं करते. लोक टाकीला, वॉल्व्हमनला, सरपंचाला बोल लावतात. दोष आराखड्यातल्या तासांचा असतो. गावाने अंदाजपत्रक बघताना हा एक प्रश्न अभियंत्याला विचारावाच : पाणी दिवसाला किती तास चालेल असं धरून या नळ्या बसवल्यात?

उपाय साधा आहे. गावाचे उंचीप्रमाणे तीन भाग करायचे, रस्त्याप्रमाणे किंवा वॉर्डाप्रमाणे नाही. वरच्या भागाला टाकीपासून वेगळी नळी. एकेका भागाला दोन-दोन तास पाणी दिलं तर एका वेळी सेकंदाला ६ लिटरच्या आसपास प्रवाह लागतो, १८.५ नाही. प्रत्येक भागाला झडप, आणि झडपेच्या पेटीला झाकण व कुलूप.

दाब कमी पडला की घराघरांत नळीला थेट मोटर लागते. ती फक्त शेजाऱ्याचं पाणी ओढत नाही. नळीत पोकळी तयार होते आणि जिथे सांधा सैल असेल तिथून बाहेरचं पाणी आत येतं. नळी गटाराच्या खालून गेलेली असेल तर काय येतं ते सांगायला नको. नळी गटारापासून लांब आणि त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर न्यावी, ओलांडताना तिला दुसऱ्या नळीचं कवच द्यावं.

टाकीमागे अर्धा किलो

टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा हिशोब जलसुरक्षकाला, म्हणजे गावात पाणी शुद्ध करणाऱ्या माणसाला, तोंडपाठ असायला हवा. ७०,००० लिटरच्या टाकीला लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर १४० ग्रॅम क्लोरीन लागतं. पावडरमध्ये क्लोरीन २५ टक्के असेल तर ५६० ग्रॅम पावडर. पण पोतं उघडं, पंपघराच्या ओलीत पडलेलं असेल तर तीच पावडर महिन्या-दोन महिन्यांत निम्म्यावर येते आणि ५६० ग्रॅम टाकून काही होत नाही. ती प्लास्टिकच्या बादलीत कालवून अर्धा तास ठेवायची, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, खालचा चुना फेकायचा. टाकीत ओतल्यावर आणखी अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पिवळ्या रंगावरून दाखवणारी) टाकीखालच्या नळावर घेऊन उपयोग नाही. सगळ्यात लांबच्या घरी घ्यायची आणि तिथे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवं. पिवळी झाक आलीच नाही तर आधी पावडर तपासायची, मग वाटेतली गळती.

खर्च कुणावर? समजा आजच्या वस्तीला वीज महिन्याला ६,००० रुपये, पाणी सोडणाऱ्याचं मानधन ८,०००, पावडर आणि किरकोळ दुरुस्ती ४,०००. अठरा हजार भागिले ३०० घरं, घरटी महिन्याला ६० रुपये. यात पंप जळाल्यावरचा खर्च नाही, म्हणून ८० घेतलेले बरे. निम्मी घरं पट्टी भरत नसतील तर पंप पहिल्यांदा जळेल त्या महिन्यात योजना बंद पडते.

काम ताब्यात घेताना गावाच्या पाणी समितीने एक कागद हट्टाने मागावा : नळी प्रत्यक्षात जिथून गेली त्याचा नकाशा. मंजुरीचा नकाशा नव्हे. प्रत्येक झडप, प्रत्येक सांधा, प्रत्येक रस्ता ओलांडणी, जवळच्या पक्क्या भिंतीपासूनच्या दोन टेप मापांसह. खोली किती, व्यास किती. गावठाणाची ड्रोनने झालेली स्वामित्व मोजणी असेल तर तिच्या नकाशावरच हे काढता येतं, कारण जुन्या गाव नकाशात गट नंबर दिसतात पण गावठाणाची जागा कोरीच असते. हा कागद नसला की दोन वर्षांनी काँक्रीटचा रस्ता होतो, झडपेची पेटी त्याच्याखाली गाडली जाते, आणि गळती सापडायला जेसीबी बोलवावा लागतो.